आधी काठी, मग हात

मित्रांनो, मी काठी आहे. जुनी, सागवानी, माणसाहून हातभर उंच. हसलात ना? हसा खुशाल! पण वर्ध्याजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आभाळातल्यासारखी वीज हॉलमध्ये पाडतात. तिथं मी आत गेल्याशिवाय भल्याभल्यांची पाऊल टाकायची छाती होत नाही.

माझ्या डोक्यावर पितळी आकडा आहे. त्याला बांधलेली तांब्याची जाड तार भिंतीतून बाहेर जाते आणि कडुनिंबाखालच्या खड्ड्यात जमिनीला मिळते. यंत्र बंद केलं तरी त्याच्या पोटात वीज दडून राहते, बरं का! ती आकड्यानं ओढून जमिनीला देऊन टाकायची, हेच माझं काम.

मला घडवून घेतलं कमलामॅडमनी. वर्कशॉपात समोर उभ्या राहून त्यांनी लाकूड निवडलं, ओल नको, गाठ नको म्हणाल्या. पुढं दर उन्हाळ्यात, वर्ध्याचं ऊन डोक्यात उतरायला लागलं की त्या स्वतः बादली घेऊन खड्ड्यात पाणी ओतायच्या. कारण खड्डा कोरडा पडला, तर मी नुसतंच लाकूड!

मॅडम देवळीच्या. लहानपणी त्यांच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात वीज पडली आणि बैलजोडी जागच्या जागी गेली. घरात रडारड, आणि ही पोरगी आईला विचारते, "माय, वीज पडते काऊन?" आई मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाली, "मले काय मालूम? तू शिक, अन् मंग मले सांग." ही गोष्ट मॅडम दरवर्षी नव्या वर्गाला सांगायच्या, म्हणून मला पाठ आहे.

त्या शिकल्या. देवळीहून वर्धा, तिथून नागपूर, मग पार बंगळूर. डॉक्टरेट मिळाली, मोठ्या कारखान्यांची बोलावणी आली. पण मॅडम इथं परतल्या आणि त्यांनी हा हॉल उभा केला. मधोमध जाळीनं वेढलेला मनोरा, त्यात एकावर एक कपॅसिटर. विजेचे रांजणच म्हणा ना! ते भरायला लागले की सगळे जाळीबाहेर उभे राहतात. मग मॅडम बटण दाबतात आणि बाप रे! पांढरीशुभ्र वीज कडाडते, खिडक्या थरथरतात, हवेला वेगळाच वास सुटतो. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झालेली नाही. ती वीज पाडून पाडून मॅडम विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या वाट्या तपासायच्या. आष्टीकडच्या शाळांच्या छपरांवर त्यांनी वीजरोधक सळ्या बसवून घेतल्या. आता तिथली पोरं पावसात वर्गात निर्धास्त बसतात.

हॉलचा नियम एकच होता. आधी काठी, मग हात. वीज बंद झाली की जाळीचं दार उघडायचं, मला मनोऱ्याला लावायचं, तिथंच टांगून ठेवायचं आणि मगच हात लावायचा.

एकदा सुरभी नावाची विद्यार्थिनी मला न घेताच आत निघाली. मॅडमनी तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं.

"मॅडम, मीटर तं शून्य दाखवून राह्यलं!" सुरभी म्हणाली.

"मीटरले दिसलं म्हणून झालं का? तुह्या मायले मी काय सांगू? हो बाहेर!"

सुरभी कडुनिंबाखाली बसून हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी आली आणि तिनं मला पुसून खुंटीला लावलं. आज तीच इथं शिकवते.

मग नवं यंत्र आलं. बटण बंद केलं की लोखंडी हात आपोआप मनोऱ्यावर उतरून दडलेली वीज जमिनीला द्यायचा आणि हिरवा दिवा लागायचा. "आता काठी कशाले?" पोरं हसायची. मॅडम ऐकायच्या नाहीत, पण मनातून खचल्या होत्या. एकदा सुरभीला म्हणाल्या, "मी गेल्यावर इथं रागवायले कोणी राहीन का, याचीच धास्ती वाटते."

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी हॉल माणसांनी भरला. पहिल्या रांगेत म्हाताऱ्या मनकर्णाबाई होत्या. मुलांनी हौसेनं माझ्या खुंटीवर फुगे बांधले आणि मला खुर्च्यांमागं उभं केलं. मॅडमनी शेवटची वीज पाडली. कडकडाट विरल्यावर मनकर्णाबाई हात जोडून म्हणाल्या, "बाई गं! एवढी मोठी वीज, अन् माह्या पोरीच्या हातात!"

मॅडमचे डोळे भरून आले. दसऱ्याला करायच्या तशी मनोऱ्याची शेवटची पूजा करायला त्यांनी हळदीकुंकवाची ताटली उचलली. सवयीनं दुसरा हात खुंटीकडं गेला. हातात फुगे आले! सगळे हसले, मॅडमही हसल्या. हिरवा दिवा लागला होता. त्या तशाच जाळीच्या आत गेल्या. कुंकवाचं बोट मनोऱ्याकडं निघालं. मी खुर्च्यांमागं उभी, मला ना तोंड ना पाय! जीव नुसता तुटत होता.

"मॅडम, थांबा! आधी काठी, मग हात!"

सुरभी ओरडली, तसं ते बोट तिथंच थांबलं. तिनं खुर्च्या ढकलल्या, मॅडमना जाळीबाहेर आणलं आणि मला मनोऱ्याला लावलं. काडकन ठिणगी उडाली! नवा लोखंडी हात मध्येच अडकला होता, आणि हिरवा दिवा मात्र सुखानं जळत होता.

सुरभी मॅडमकडं वळली. "काय मॅडम, तुमच्या मायले मी काय सांगितलं असतं?" म्हणाली आणि रडायला लागली.

मॅडमनी तिला पोटाशी धरलं. सगळे भाषणाची वाट बघत होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "रागावणारी आहे. आता मी घरी जातो."

मित्रांनो, तुम्हाला जपणारी एखादी साधीसुधी वस्तू तुमच्याही घरात असेल. तिला अडगळीत टाकू नका, आणि तुमच्या काळजीनं रागावणाऱ्या माणसाचा राग धरू नका.

मॅडम अजूनही उन्हाळ्यात देवळीच्या बसनं येतात आणि माझ्या खड्ड्यात पाणी ओततात. मग हॉलमध्ये डोकावतात. परवा सुरभीनं त्यांना जाळीबाहेरच थांबवलं आणि मला आत टांगलं. तोवर एवढ्या मोठ्या कमलामॅडम पहिल्या वर्षाच्या पोरीसारख्या हात मागं बांधून गुपचूप उभ्या होत्या.