दौलतच्या जागी नरेंद्र

नारपोलीत रामनाथच्या व्हिडिओ हॉलमध्ये २००४ साली एका आदर्श मास्तरांचा पिक्चर तीन आठवडे चालला. मास्तर गरिबांच्या पोरांना शिकवतात, पोरं सुधारतात, प्रेक्षक रडतात. सुरुवातीलाच हजेरी. "दौलत?" म्हणून मास्तर थांबतात. बाक रिकामा. मग ते त्याला शोधायला निघतात आणि पुढचा सगळा पिक्चर त्या शोधावरच उभा.

एका संध्याकाळी दिवसपाळी करून आलेला नरेंद्र आमच्या रांगेत पेंगत होता. आमच्या कापडाच्या लूमवर रीत अशी, की जोडीदार गावी गेला असेल तर मुकादमाने त्याचं नाव पुकारताच आपण हजर म्हणायचं आणि त्याचंही काम ओढायचं.

मास्तर म्हणाले, "दौलत?"

"हजर!" नरेंद्र झोपेतच ओरडला.

हॉल हसला. मास्तरही हसले. हे आधीच्या कुठल्याच खेळात नव्हतं. त्यांनी वहीत खूण केली, आणि शोधायला कुणी उरलंच नसल्याने पिक्चर वीस मिनिटांत संपला.

"आयला, सीडी गंडली," रामनाथ म्हणाला. दिवे लागले तेव्हा नरेंद्रच्या खुर्चीखाली नुसत्या चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्याची बायको संघरत्ना आली. पडद्यावर दौलतच्या बाकावर नरेंद्र. बत्तीस वर्षांचा, मिशीसकट, हाफपँटीत. चौथीत शाळा सुटलेला माणूस पाढे म्हणत होता, आणि बरोबर म्हणत होता.

"अहो, घरी चला!"

त्याने मान वळवली नाही. मास्तरांनी हजेरीची वही उघडली.

"कुणीतरी यांच्या बदली हजर म्हणा ना," ती आमच्याकडे वळली. "एवढे दोस्त त्यांचे!"

साठ माणसं. सगळ्यांना एकदम खोकला आला.

"वहिनी, माझी रात्रपाळी आहे," मी म्हणालो.

मास्तरांनी मान वर करून थेट हॉलमध्ये पाहिलं. "दौलतच्या पालकांनी पुढे यावं."

संघरत्नाने पदर खोचला आणि सरळ पडद्यात चालत गेली. पडदा हललासुद्धा नाही. मग ती वर्गात दिसली.

"मुलगा हुशार आहे," मास्तर मायेने म्हणाले.

"असेल, सर. पण घरी दोन पोरं याची वाट बघतात." तिने नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला वर्गाच्या दारातून बाहेर नेलं.

दार डावीकडे होतं. आम्ही साठजण हॉलच्या डाव्या भिंतीकडे बघत बसलो. कुणीच आलं नाही.

रामनाथने भिंतीला कान लावला.

"चालतायत," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "लांब गेले."