विसाराचं नाणं

स्केल्डरविक गावाच्या जुन्या दिवसांचं पुस्तक निघायचं होतं, म्हणून वाचनालयात आठवणी गोळा करणं चाललं होतं. गावाला आठवणी हव्याच असतात. फक्त त्या धुऊन, इस्त्री करून आणा म्हणतात.

चौसष्ट वर्षांच्या हेस्टर गारबटने जन्मात पहिल्यांदाच चार पानं लिहिली होती. सोबत फोटो दिला होता, १९२४ सालच्या गड्यांच्या बाजाराचा, जिथे शेतकरी वर्षभरासाठी गडी-मोलकरणी ठरवत. चौकात पोरी ओळीने उभ्या, शेतकरी गुरं पारखावीत तसे त्यांचे दंड चाचपताहेत. कडेला तिची बहीण लेटी, पंधरा वर्षांची. तिचा झगा धरून आठ वर्षांची हेस्टर.

पुस्तकाचं काम बघणाऱ्या पिकर्सगिल मास्तरांनी पानं वाचून खाली ठेवली.

"हेस्टरबाई, फोटो मुखपृष्ठावर घेतोय. आल्याच्या केकचा भागही झकास. वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल. बाकीचं मात्र..."

"बाकीच्याला काय झालं?"

"छपाईचा खर्च उलथॉर्नांचा नातू देतोय. समजून घ्या जरा."

"समजलं की. त्याचा आजाही असाच. आधी नाणं हातावर ठेवायचा, मग मालकी सांगायचा."

बाकीचं असं होतं. शेतकऱ्याने हातावर शिलिंग ठेवलं आणि पोरीने मूठ मिटली, की विसार झाला. पोर वर्षभर त्याची. दिवस मावळायच्या आत नाणं परत केलं तरच सुटका. लेटीच्या झग्याला खिसा नव्हता, म्हणून तिने उलथॉर्न शेतकऱ्याने दिलेलं नाणं हेस्टरजवळ दिलं. तासाभराने त्याच्याकडे राहून आलेल्या एका मोलकरणीने लेटीला त्याच्या चाबकाचं सांगितलं. लेटी धावत आली. "हेस्टे, नाणं दे. लवकर." हेस्टरच्या हनुवटीला केकचा चुरा लागला होता; नाणं केकवाल्याकडे गेलं होतं. घरात दुसरं शिलिंग नव्हतं.

जानेवारीत लेटी बर्फातून सात मैल चालत घरी आली. पाठीवर वळ होते. आईने दार अर्धंच उघडलं. "विसार घेतलायस ना? साल भरूनच ये." दुसऱ्या सकाळी लेटी गावाबाहेरच्या कुंपणाशी गोठलेली सापडली. आईने त्या दिवशीही पावाचं पीठ मळलं. गावाने 'बिचारी' म्हटलं आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बाजार भरवला.

"केक तेवढा ठेवू," मास्तर हळूच म्हणाले. "गोड आठवण आहे."

"पुढचं कापलंस तर तो केक खोटा ठरतो, मास्तर. सगळं छाप, नाहीतर काहीच नको."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. हेस्टरने फोटो आणि पानं उचलली.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर गाय होती.

त्याच आठवड्याच्या बाजाराला, चौकातल्या सूचनांच्या फळ्यावर, जुन्या कपड्यांच्या विक्रीच्या जाहिरातीशेजारी, हेस्टरने फोटो आणि चारही पानं टाचली आणि कुणी फाडू नये म्हणून तिथेच उभी राहिली. पिशव्या घेतलेली माणसं थांबायची, वाचायची, तिच्याकडे न बघता पुढे जायची. दुपारी उलथॉर्नांचा नातू आला. शेवटच्या ओळीपर्यंत त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"हे खरं कशावरून, बाई?"

"तो केक मी खाल्लाय," हेस्टर म्हणाली.

पानं फाडायला त्याचा हात फळ्याकडे गेला होता. तो त्याने खिशात घातला.