कमरेइतका खोल चर

बावीस मार्चला मितेंगो गावाचा चर अजून एकशे साठ पावलं बाकी होता. फाइनेसी ती पावलं रोज सकाळी स्वतः मोजायची. पाणी समितीची ती अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर जिल्हा कचेरीत जाऊन बाकावर बसून राहायचं, साहेब ओरडले की ऐकून घ्यायचं आणि गावात येऊन तेच जरा गोड करून सांगायचं. चार वर्षं तिने हेच केलं, तेव्हा कुठे सरकारच्या तिजोरीला पाझर फुटला. डोंगरातल्या झऱ्यापासून पाईप, गावात टाकी, सहा नळ. बाजारातल्या संडासांची घाण राजरोस ओढ्यात जायची, तिच्यासाठी बंदिस्त गटार आणि पक्का खड्डा. खर्च सगळा सरकारचा. गावाने फक्त अंगमेहनत करून झऱ्यापासून टाकीपर्यंत कमरेइतका खोल चर खणून द्यायचा.

अठ्ठावीस तारखेला इंजिनियर येऊन चर मोजणार होता. पुरा असला तर पाईप मंजूर. नसला तर एकतीसला सरकारचं वर्ष संपतं, आणि पाईप शेजारच्या नाकोंबे गावाला. "तारीख म्हणजे तारीख," कचेरीतल्या कारकुनाने तिला बजावलं होतं, तेही तोंडात शेंगदाणे चावत.

चर वेळेत झालाही असता, पण इथला पावसाळा डिसेंबर ते मार्चचा, आणि पावसाबरोबर कॉलरा आला. ओढ्याशिवाय गावाला दुसरं पाणी नाही आणि ओढा येतो बाजाराला वळसा घालून. फेब्रुवारीपासून तीन माणसं गेली होती. आणि मितेंगोत माणूस गेलं की त्याला माती मिळेपर्यंत कुणी जमिनीला कुदळ लावत नाही. शेतात नाही, परसात नाही, चरात तर नाहीच. त्या दिवशी जमीन उघडायची ती एकाच कामासाठी, आणि ती उघडायचा मान थडगी खणणाऱ्या माणसांचा. गावात त्यांना 'नातू' म्हणतात, मग ते साठीचे का असेनात. माती दिल्यावर आणखी एक दिवस सगळं गाव मयताच्या अंगणात बसून राहतं. म्हणजे एका मरणाला दोन दिवस. कॉलरा थांबवायला नळ हवा, नळाला चर हवा, आणि चर अडवला होता कॉलऱ्यानेच. फाइनेसीचं डोकं या विचाराने भणभणायचं.

नातवांचा म्होरक्या तिचा नवराच होता. लुफेयो. तीस वर्षं त्याने गावाची थडगी खणली होती. चराच्या खोलीसाठी मापाची काठीही त्यानेच कापून दिली होती, बरोबर कमरेइतकी, कारण गावात त्याच्याइतकं खड्ड्याचं माप कुणालाच कळत नव्हतं. आणि चर थांबवणाराही तोच.

बावीसला सकाळी बाजारात सुके मासे विकणारी एलुबी गेली. लुफेयो चराच्या काठावर येऊन उभा राहिला आणि नुसता हात वर केला. माणसं निमूट बाहेर आली, कुदळी खांद्यावर टाकून चालू लागली. फाइनेसी आतच उभी राहिली.

"वर ये," लुफेयो म्हणाला.

"अहो, सहा दिवस राहिलेत. दोन यात गेले की चार."

"मग चार. चराला काय पाय फुटणार आहेत का?"

"चराला नाही, पाईपांना फुटतील. थेट नाकोंबेला जातील. एलुबीला विचारलं असतं तर तीसुद्धा म्हणाली असती, खणा म्हणून."

"एलुबी आयुष्यात कशाला हो म्हणाली नाही. मासे विकतानासुद्धा गिऱ्हाइकाला हाकलायची." तो हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. "हे बघ, फाइनेसी. माणूस घरात पडलेलं असताना शेजारी कुदळ वाजली, तर त्याला वाटतं आपण गेलो ते कुणाला कळलंच नाही. तेवढं तरी कळू दे बिचारीला."

"आणि जे जिवंत आहेत त्यांचं काय?"

"ते बसतील दोन दिवस. बसल्याने कोणी मरत नाही."

"पाण्याने मरतात," ती म्हणाली. पण वर आली. त्याने हात दिला, तो मात्र तिने घेतला नाही.

घरी जाताना तो मागून म्हणाला, "मी मेलो तरी दोन दिवस थांबशील ना, का चरात पळशील?"

"तुम्ही मेलात तर एक दिवस. तेवढीच तुमची लायकी."

"एक तर एक. पण पुरा दे. मधेच उठून पावलं मोजायला जाऊ नको."

मग दोघंही हसले. एलुबीच्या अंगणात पोचण्याआधी त्यांना तोंडं पुन्हा गंभीर करावी लागली.

चोवीसला काम सुरू झालं. पुढचा पट्टा मुरमाचा, कुदळ आदळली की मनगटापर्यंत झिणझिण्या. तरी दिवसाला चाळीस पावलं निघत होती. लुफेयो सगळ्यात पुढे. मयताच्या दिवशी अडवणारा हाच माणूस इतर दिवशी दोघांचं काम करायचा, म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

सव्वीसला दुपारी तो चरातून वर आला आणि झुडपामागे गेला. परत आला तो पोट धरून. तासाभरात त्याला उभं राहवेना. फाइनेसीने त्याला घरी नेलं, पाणी उकळलं, मीठ-साखर घालून वाटीवाटीने पाजलं. पोटात काही ठरत नव्हतं. दवाखान्याचा तंबू नदीपलीकडे, आणि पूल महिन्यापूर्वीच वाहून गेलेला. लांबच्या वाटेने नऊ मैल. सायकलवर माणसं नेणाऱ्याला तिने विनवलं, दुप्पट भाडं देते म्हणाली. तो लांबूनच म्हणाला, "मावशी, दुसरं काहीही सांग. कॉलऱ्याचं माणूस मागे बसवलं तर उद्यापासून माझ्या सायकलवर कोण बसेल?"

संध्याकाळपर्यंत लुफेयोचे डोळे आत गेले, बोटांची कातडी सुरकुतली. आवाज बसला होता. एकदाच त्याने विचारलं, "किती राहिली?"

"चाळीस."

"मुरूम आहे. सिक्वेसेला पुढे ठेव," तो म्हणाला. सिक्वेसे त्याच्या हाताखालचा नातू. त्यानंतर तो काही बोलला नाही. पहाटे उजाडता उजाडता गेला.

फाइनेसीने तोंड उघडलं होतं. बाईचा हंबरडा ऐकू आला की गावातल्या बाया धावत येतात, तशीच रीत आहे. हंबरडा घशापर्यंत आला. आणि तेवढ्यात तिला चाळीस पावलं दिसली. खरंच दिसली, मुरमाची, तांबडी. आज थांबलं तर उद्या अठ्ठावीस. इंजिनियर येणार, अर्धवट चर बघणार, गाडी वळवणार. मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओढा, पुन्हा कोणीतरी. तिने पदर तोंडात कोंबला आणि तशीच बसून राहिली. तो आवाज बाहेर न पडू देणं हे चार वर्षांतलं सगळ्यात अवघड काम होतं.

मग तिने त्याला पुसलं, डोळे मिटले, चादर ओढली. राख आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दाराला बाहेरून कडी घातली आणि मापाची काठी घेऊन निघाली.

"लुफेयोदादा कसा आहे?" सिक्वेसेने विचारलं.

"झोपलेत. घरात कुणी जाऊ नका, लागण होईल. तुला पुढे राहायला सांगितलंय त्यांनी."

यातलं शेवटचं तरी खरं होतं. त्या दिवशी गाव असं खणत होतं की बघत राहावं. बायांनी गाणं धरलं, एकीने इंजिनियरच्या पोटावरून ओळी रचल्या, माणसं हसून हसून कुदळीवर रेलली. फाइनेसीलाही म्हणावं लागलं. ती म्हणत होती, खणत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: कुदळ वाजतेय, आणि घर इथून दोनशे पावलांवर आहे. त्याला ऐकू जात असेल. त्याला वाटत असेल, कुणाला कळलंच नाही.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चर टाकीच्या चौथऱ्याला भिडला. बायांनी आनंदाची आरोळी ठोकली. फाइनेसीने काठी उभी करून खोली पाहिली. बरोबर होती. मग ती वळली आणि म्हणाली, "लुफेयो गेले."

आरोळी अर्ध्यातच तुटली.

"कधी?" सिक्वेसेने विचारलं.

"पहाटे."

सिक्वेसेने कुदळ खाली टाकली. "पहाटे. म्हणजे तो तिथे पडलेला होता, आणि तू आम्हाला गाणी म्हणायला लावलीस."

"उद्या इंजिनियर येतोय, बाबा. उद्या..."

"ज्याने आम्हाला शिकवलं, त्याच्यावरच तू आमच्या हाताने कुदळ चालवलीस. एलुबीसाठी थांबलो आम्ही. त्या खडूस एलुबीसाठी! आणि दादासाठी नाही." त्याचा आवाज चिरकला. "जमीन तू उघडलीस ना आज? मग त्याच्यासाठीही तूच उघड. नातवांपैकी कोणी येणार नाही."

गावचा मुखिया जेकेटेरा मध्ये पडला, पण नातवांनी ऐकलं नाही. बायाही आल्या नाहीत. मुखियाच्या निरोपावर नदीपलीकडच्या तंबूतून रातोरात आलेल्या आरोग्यसेवकाने औषध फवारून लुफेयोला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. त्याने आणि मुखियाने बांबूला बांधून त्याला मसणवटीत नेलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. अठ्ठावीसच्या सकाळी फाइनेसी एकटीच खणत होती. तीस वर्षं ज्याने गावात कुणाला असं एकटं पडू दिलं नाही, त्याच्या खड्ड्याला एक बाई आणि एक कुदळ. कमरेइतकं झालं तेव्हा हाताने सवयीने काठी लावली आणि ती थांबली. मग तिला आठवलं की हा चर नाही. काठी आणखी एकदा भरेपर्यंत ती खणत राहिली. मधूनमधून ती थांबून रस्त्याकडे कान द्यायची. गाडीचा आवाज आला नाही.

इंजिनियर त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आला तो तीस तारखेला दुपारी.

रात्रीच्या पावसाने चराच्या कडा ढासळल्या होत्या, म्हणून मुखियाने सगळ्यांना माती उपसायला बोलावलं होतं. फाइनेसीही होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं मोकळी होती. इंजिनियर चिवाया साहेब तरुण होते, डोळे सुजलेले, बुटांना लाल माती. त्यांनी फीत लावली, टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"उत्तम," ते म्हणाले. "इतका सरळ चर मी या जिल्ह्यात पाहिला नाही. पाईप तुमचे."

"साहेब," फाइनेसी म्हणाली, "तुम्ही अठ्ठावीसला येणार होता."

"हो आई, माफ करा. मुखियांना फोन लावला, बंद होता. आमच्याकडे मयत झालं. मावशी. सख्खी नाही, आईच्या चुलत बहिणींपैकी, पण न जाऊन कसं चालेल? दोन दिवस बसावंच लागलं."

फाइनेसीला आधी ते नीट कळलंच नाही. "पण तारीख? तारीख म्हणजे तारीख, असं सांगितलं होतं. एकतीसला पैसे परत जातात."

"ते कारकून सांगतो, त्याचं कामच आहे ते." साहेब थकल्यासारखे हसले. "तारीख मी लिहितो, आई. आजही अठ्ठावीसच लिहिणार आहे. चाळीस-पन्नास पावलं राहिली असती तरी पुरा लिहून दिला असता आणि पाईप येईपर्यंत तुम्ही खणला असता. मयत असलं की कचेरीसुद्धा थांबते, आपलीच माणसं आहेत ना तिथे? एक निरोप पाठवायचा फक्त." त्यांनी वही उघडली. "तुमच्याकडे झाली का मधल्या काळात मयतं? अहवालात लिहावं लागतं."

फाइनेसीच्या हातातली काठी ओल्या मातीत रुतत गेली. चार वर्षं ती त्या कचेरीच्या बाकावर बसली होती आणि तिला एकदाही सुचलं नव्हतं की टेबलापलीकडच्या माणसांच्याही घरी कोणी मरत असेल. एक निरोप. सायकलवाल्याने निरोप नक्की नेला असता, निरोपाची लागण होत नाही.

"चार," ती म्हणाली. पाचवा मोजायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटेना.

साहेबांनी चार लिहिलं.

"पाच," मागून कोणीतरी म्हणालं. सिक्वेसे चरात उभा होता. त्याचं तोंड रागाने आणि रडण्याने वेडंवाकडं झालं होतं. "पाच लिहा, साहेब. लुफेयो. आमचा म्होरक्या होता."

मग त्याने कुदळ चराच्या काठावर आडवी ठेवली आणि तो वर आला. त्याच्यामागे दुसऱ्याने ठेवली, मग तिसऱ्याने. माती उपसण्याचा आवाज डोंगराच्या बाजूला विरत विरत पार बंद झाला. साहेबांना काय झालं ते कळलं नसावं, पण त्यांनीही वही मिटली आणि टोपी काढली.

तेव्हा फाइनेसी मातीच्या ढिगावर बसली आणि सत्तावीसच्या पहाटेपासून घशात धरून ठेवलेला हंबरडा तिने फोडला. बाया धावत आल्या.