हर्शेलच्या मापाचे बूट

“मस्त बसलेत,” हर्शेल म्हणाला आणि दुकानाच्या फळ्यांवर पाय आपटून दाखवले.

“बसले नाहीत, चावलेत. काढ,” मी म्हटलं.

“अगं, पाय माझे आहेत का तुझे?”

“तुझे आहेत म्हणूनच बोटं कमी झालीत. काढ म्हणते ना.”

डेन्झिल कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्याला टेकून हसत होता. आमच्या गावात दुकान एवढं एकच. दाणा, खिळे, काडतुसं, बूट, सगळं एका छपराखाली. डेन्झिलचा बाप गल्ल्यावर बसायचा तेव्हापासून हर्शेल बूट इथेच घेतो, आणि माप न देता घेतो. शेल्फवरचा दिसायला बरा जोड उचलायचा, पाय आपटायचा, मस्त म्हणायचं.

“मिस ओलीटा, घालायचेत त्यांना,” डेन्झिल मला म्हणाला; आमच्याकडे लग्न झालेल्या म्हातारीलाही मानाने मिसच म्हणतात. “त्यांना बरे वाटतायत ना?”

“त्याच्या पायात आत्ता निखारा ठेवलास तरी त्याला बरंच वाटेल. तू वरचा नंबर काढ.”

हर्शेलबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, असं तो स्वतःच सांगेल. तरुणपणी लाकडाच्या गिरणीत लागला आणि म्हातारा होऊन बाहेर पडला. ओकच्या ओंडक्यांच्या फळ्या कापायच्या, रचायच्या आणि दारूच्या पिंपांसाठी पाठवून द्यायच्या. ती दारू कोण पितं ते त्याने कधी पाहिलं नाही. आम्ही चर्चवाली माणसं, दारूला शिवत नाही. कुणाशी भांडला नाही, कधी चार लोकांपुढे उभा राहून बोलला नाही. वर्षभर मान खाली घालून फळ्या रचणारा हा माणूस वसंतातले थोडे आठवडे मात्र मान वर करून चालायचा. ओकला कोवळी पानं फुटली की पहाटेच्या अंधारात डोंगर चढायचा, झाडाला पाठ लावून बसायचा आणि रानटर्कीच्या नराशी बोलायचा. देवदाराची एक लहान डबी असते. तिचं झाकण कडेवर घासलं की हुबेहूब मादीचा आवाज निघतो आणि नर फसून बंदुकीच्या टप्प्यात येतो. हर्शेलसारखा तो आवाज काढणारा आमच्या खोऱ्यात दुसरा नव्हता. माझ्याशी चार वाक्यं बोलायला त्याला आठवडा लागायचा, टर्कीशी सकाळभर बोलायचा.

आणि ही शिकार एकट्याने करायची असते. बापसुद्धा मुलाला एका वसंतात शिकवतो आणि पुढच्या वसंतात दुसऱ्या डोंगरावर पाठवतो. बायकोला बरोबर नेणारा माणूस आमच्या ओझार्कच्या डोंगरांत मी तरी ऐकला नव्हता.

मग त्याला साखर झाली, डॉक्टर मधुमेह म्हणतात ती. ही साखर पायांची जाणीव आतल्या आत खाते, हे आम्हाला कुठून कळणार? मागच्या पानगळीत तो सरपण आणायला गेला आणि बुटात ओकचं बोंड घेऊन दिवसभर हिंडला. सुपारीएवढं बोंड, कडक. संध्याकाळी मोजा मी काढला. मी किंचाळले तेव्हा तो शेंगदाणे खात होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “काय झालं?” त्यात दोन बोटं गेली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, आता नुसता एक फोड आला तरी पाऊल जाईल, घोट्यापासून.

आमची मुलगी ट्वायला म्हणाली, झालं, शिकार बंद. बंदूक तिच्या नवऱ्याला द्यायची आणि डॅडीने ओसरीवर बसायचं. हिवाळाभर तो ओसरीवर बसला आणि मी खिडकीतून बघत राहिले. पाय वाचला होता, पण वरचा माणूस दिवसेंदिवस कमी होत चालला होता. एक दिवस मी त्याला विचारलं, जेवणात काय करू? तर म्हणाला, काहीही. टर्कीसाठी जन्म घालवलेला माणूस काहीही म्हणाला. तेव्हाच मी ठरवलं, हा डोंगरावर जाईल. पण मी बघून घेतलेल्या बुटांत जाईल. माझ्या घरात कोण कुठे जाणार ते मी ठरवते, ट्वायला नाही.

तर शिकारीच्या हंगामाला आठवडा उरला असताना मी त्याला दुकानात आणला, तोही संध्याकाळी. पाय दिवसभरात फुगतात. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी फास होतो.

डेन्झिलने गुडघ्यापर्यंतचे बूट काढले. “हे बघा. सापाचा दात शिरणार नाही.”

“आणि वाकणारही नाहीत. डोंगरावर खडखड करत चढला तर टर्की पलीकडच्या खोऱ्यात जाईल. साप चावायचा तेव्हा चावेल.”

“मग रबराचे घ्या. दव लागत नाही.”

“आत घाम येतो, पाय घसरतो, घसरला की फोड. तुझ्या बापाला एवढं कळायचं रे.”

“माझ्या बापाकडून तुम्ही एकदा डाव्या पायाचे दोन बूट नेले होते, मिस ओलीटा.”

“आणि परत आणले होते. तू पण बदलून देशील, पण पाऊल नाही देणार बदलून.”

एवढ्यात हर्शेलने पुन्हा तेच पहिले बूट पायात चढवले होते. नाडी करकचून बांधून, मान वर करून उभा. “हेच घेतो,” म्हणाला.

मी त्याच्यासमोर खाली बसले. या वयात मी कुणासमोर खाली बसत नाही. माझे गुडघे वाजले ते डेन्झिललाही ऐकू गेले. नाडी सोडली, बूट ओढला, मोजा काढला. उरलेली बोटं एकमेकांवर चढली होती. करंगळीच्या बाजूला लाल वळ उठला होता.

“हे काय आहे?”

हर्शेलने वाकून पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं. “दुखलं नाही मला.”

“मग मस्त बसलेत कशाला म्हणालास?”

डेन्झिलला अचानक खिळ्यांच्या खोक्यात काहीतरी शोधायचं आठवलं.

“तुझ्या त्या मोठ्या बुटांत,” हर्शेल हळूच म्हणाला, “पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. यांत कळतं. थोडंसं कळतं.”

इतका वेळ मला वाटत होतं की म्हातारा नटतोय, लहान बूट घालून मिरवतोय. आणि तो तर बुटांत स्वतःचे पाय शोधत होता. जो बूट चावेल, त्याच बुटात ते त्याला सापडत होते.

मी पिशवीतून कागद काढले. आदल्या संध्याकाळी गाईंना चारा घालून झाल्यावर वाणसामानाच्या खाकी पिशवीवर त्याला उभा केला होता आणि पेन्सिलीने दोन्ही पायांची कड काढून कापून ठेवली होती. तेव्हा तो म्हणाला होता, “शवपेटीवाला असंच माप घेतो.” मी म्हटलं होतं, “तो आडव्या माणसाचं घेतो. तू गप उभा राहा.”

ते कागदी पाय मी एकेका बुटात सरकवले. हर्शेलच्या आवडत्या बुटात कागद दोन्ही कडांनी वर वळला. दुसऱ्यात टोकाला चुरगळला. मग डेन्झिलने मागच्या खोलीतून रुंद पंज्याचे, मऊ कातड्याचे, पातळ तळाचे बूट आणले. बरीच वर्षं कुणी घेतले नव्हते, दिसायला म्हणजे नुसते बटाटे. त्यांत कागद जसाच्या तसा पसरला. जिथे बोटं नव्हती तिथे मी मेंढीची लोकर बसवली. शिकारीचेच जाड मोजे घालायला लावले. पुढे अंगठ्याएवढी जागा, मागे टाच उचलत नाही. मग पोती उतरवायच्या फळीवरून त्याला वर-खाली चालवलं, कारण बूट चढताना खरं बोलत नाही, उतरताना बोलतो. बोटं पुढे आपटली नाहीत. पुन्हा बूट काढून पाय बघितला. पांढरा, स्वच्छ.

“कसं वाटतंय?” डेन्झिलने विचारलं.

“काहीच वाटत नाही,” हर्शेल म्हणाला.

“मग बरोबर बसलेत,” मी म्हटलं. “बांधून दे.”

घरी येताना गाडीत तो खोकं मांडीवर घेऊन बसला होता. मग म्हणाला, “म्हणजे मी तुझ्या सांगण्यावर चालायचं.”

“आजवर काय वेगळं करत होतास?”

हसला नाही.

रविवारी ट्वायला जेवायला आली. घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली होती, पण तिचं लक्ष दाराशी ठेवलेल्या बुटांकडे.

“मम्मा, तूच डॅडीला मारशील.”

“मारायचा असता तर लग्नाच्या पहिल्या वर्षी मारला असता. तेव्हा हातात ताकद होती.”

“डॉक्टर काय म्हणाल्यात? चालून झालं की लगेच पाय बघायचे, पांढरे मोजे घालायचे. डोंगरावर कोण बघणार? टर्की?”

“मी बघणार. मी जाणार आहे.”

हर्शेलचा चमचा ताटलीवर थांबला. लोक काय म्हणतील, हे त्याने विचारलं नाही, पण कान लाल झाले. मग त्याला दुसरीच वाट सापडली. “पांढरे मोजे घालून रानात कोण जातं?”

बोलणं खोटं नव्हतं. टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं. झाडीत त्या रंगाचं काही हललं की पलीकडचा शिकारी नेम धरतो. म्हणून आमच्याकडे वसंतात लाल रुमालसुद्धा कुणी खिशात ठेवत नाही.

“रक्त पांढऱ्यावरच दिसतं,” मी म्हटलं.

“गोळीलाही तेच दिसतं.”

“बूट काढीन तेव्हा माझा कोट वर टाकीन. अजून काही? नसेल तर घेवडा संपव.”

ट्वायला डोळे पुसत भांडी घासायला उठली. बापावर गेलीय, भांडणात टिकत नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही अंधार असतानाच निघालो. फाटकापाशी तो नेहमीसारखा पुढे झाला, आणि दहा पावलांत काटकी मोडली. मग दुसरी. टर्कीच्या रानात माणूस पावलाने आधी जमीन चाचपतो, काटकी लागली की पाय उचलतो. त्याच्या पावलांना आता काटकी लागत नव्हती. तिसरी मोडली तेव्हा तो थांबला. टर्कीला नाक नसल्यात जमा, पण कान असे की झाडाखालचा उंदीर ऐकतील. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता बाजूला झाला. मी पुढे गेले. मी चाचपून पाऊल ठेवायचे आणि माझं पाऊल उचललं की तिथे तो त्याचं ठेवायचा. कड्यावर पोहोचेपर्यंत एकही काटकी वाजली नाही.

मोठ्या ओकला पाठ लावून तो बसला, बंदूक गुडघ्यांवर आडवी. मी त्याच्या पायांशी. उजाडायला लागलं तशी त्याने डबी घासली. किती हळू, किती लाडिक! माझ्या अंगावर काटा आला, आणि थोडा रागही. एवढ्या वर्षांत माझ्याशी असं कधी बोलला? खालच्या खोऱ्यातून नर गळा फोडून ओरडला. हर्शेलने पुन्हा साद दिली. पुन्हा उत्तर आलं. मग सगळं शांत झालं. सूर्य झाडांवर आला तरी शांत.

“गेला,” हर्शेल कुजबुजला. “बघ काय बघायचंय ते.”

मी त्याचा डावा पाय मांडीवर घेतला, आजूबाजूला नजर टाकली, वर माझा मातकट कोट टाकला आणि कोटाच्या आतच बूट नि मोजा काढला. मोजा स्वच्छ. कोट जरा उचलून पाय बघितला. वळ नाही, फोड नाही. मी कोट खाली सोडला आणि आत पाऊल दोन्ही हातांत धरून बसले. थंड पडलं होतं, म्हणून.

तेव्हा हर्शेल दगडासारखा झाला.

मी डोळे तेवढे फिरवले. टर्की न ओरडता आला होता. बाजूच्या उतारावर, वाळल्या पानांत उभा, काळा, ऊन पडून पितळेसारखा चमकणारा, छातीवरचा केसांचा झुपका जमिनीला टेकेल एवढा लांब. जन्मभरात एखाददुसरा असा येतो. हर्शेलला गोळी झाडायची तर वळायला हवं होतं, वळायचं तर माझ्या मांडीवरचा पाय ओढून घ्यायला हवा होता.

ओढेल, मला वाटलं. ओढू दे. उघडा पाय दगडांवर आपटेल, कातडं सोलवटेल, मग डॉक्टरीणबाई आहेत, करवत आहे. पण हिवाळाभर ओसरीवर बसलेला तो माणूस मी पाहिला होता, आणि आत्ता झाडाला टेकून श्वास रोखलेला हाही पाहत होते. पाय त्याचा होता. मी कोटाखाली हात सोडले. तळवे उघडे करून बाजूला ठेवले. जायचं तर जा.

पण हात सोडलेले त्याला कळणार कसे? बोलायची सोय नव्हती. हलायची नव्हती. त्याने टर्कीकडे पाहिलं, मग खाली कोटाकडे पाहिलं, मग टर्कीकडे. बंदुकीवरचा हात उचलला नाही. टर्कीने मान उंच केली, आमच्याकडे एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि घाई नसल्यासारखा उतार उतरून झाडीत गेला.

मग हर्शेलने श्वास सोडला.

“तू पाय धरून ठेवलास म्हणून,” तो म्हणाला. “नाहीतर झाला होता तो आज.”

माझ्यावर खोटा आळ घेतलेला मला खपत नाही. न केलेल्या गोष्टीचा दोष मी आजवर कुणाकडून घेतलेला नाही, चर्चमध्येही नाही. आज घेतला.

“धरला होता,” मी म्हटलं. “उद्या पण धरीन. काय करशील?”

“काय करणार?” हर्शेल म्हणाला. “तू म्हणजे चिमटा आहेस, म्हातारे. धरलंस की सोडत नाहीस.”

मी मोजा चढवला, लोकर नीट बसवली, नाडी बांधली. तो खालच्या झाडीकडे बघत होता. बघता बघता, मी काही न सांगता, त्याने बंदूक बाजूला ठेवली आणि दुसरा पाय माझ्या मांडीवर आणून ठेवला.