नवऱ्याचा अंगठा

जगदेव कंपाउंडर उकळत्या पाण्यात चिमटे एकेक करून सोडत होता आणि सोडताना मोजत होता, कारण मागच्या शिबिरात एक हरवला होता.

*

हाडाचा चुडा एकदा कोपराच्या वर चढला की उतरत नाही. नवरा मेला की तो फोडावा लागतो.

*

खंडव्याच्या ठेसनात एक उंच माणूस फलाटावर बसून फुटाणे खात होता. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. ज्याने हे पाहिले त्याने तांड्यावर येऊन सांगितले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो सांगणाराच मेला. आता त्याला पुन्हा विचारायची सोय उरली नाही.

*

एका म्हातारीच्या डोळ्यात शस्त्रक्रियेनंतर पू झाला. तिचा नवरा कोर्टात म्हणाला, मला कोणी विचारलेच नव्हते.

*

मोतीबिंदू पिकतो म्हणतात. तांड्यावरच्या बाया या शब्दाला हसत. पिकलेले सगळे आपोआप गळून पडते. हाच का पडत नाही?

*

एकोणीसशे चौतीसचा पौष. शिरपूरच्या जैन मंदिरामागे धर्मशाळेत सरकारी डॉक्टरांनी डोळ्यांचे शिबिर मांडले होते. तीन दिवस शस्त्रक्रिया, मग आठ दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे पडणे. आज तिसरा दिवस होता. उद्या हत्यारांची पेटी बंद होणार होती, आणि पुन्हा कधी उघडेल हे कोणी सांगत नव्हते.

कमलीबाई आसेगावकडच्या बंजारा तांड्यावरून दोन दिवस बैलगाडीत बसून आली होती. सोबत धाकटा दीर हेमसिंग. तिच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. उजेड कुठे आहे एवढे तिला कळे. माणूस कुठे आहे ते आवाजावरून.

जगदेव ओसरीत कागद भरत होता.

नाव: कमलीबाई.

वय:

"किती लिवू, मावशी?"

"पंचेचाळीस लिव. ज्यादा लिवू नोको."

"काहून?"

"म्हातारी समजून डाक्टर हात हलका लावनार नाई."

"डाक्टर सगळ्याइलेच हात हलका लावते. जड हात माहा हाये. धरून ठेवाचं काम माह्याकडे."

"मंग तू जेवून ये आधी."

जगदेव हसला. त्याने पंचेचाळीस लिहिले.

नवऱ्याचे नाव: सोमला.

नवऱ्याचा अंगठा:

"तोंड धुवून घे, मावशी," जगदेव म्हणाला. विहिरीवर निघालेल्या दोघी बाया तिला हाताला धरून घेऊन गेल्या. त्या लांब गेल्यावर त्याने हेमसिंगला विचारले, "कुठी हाये हिचा मालक?"

"मुकादमासंगं रेल्वेच्या कामाले गेलता. सहा वर्सं झाले."

"चिठ्ठी, निरोप?"

"खंडव्याले दिसलता एकाले. त्याले बी चार वर्सं झाले."

जगदेवने टाक दौतीत ठेवून दिला. नवऱ्याच्या अंगठ्याशिवाय डॉक्टर बाईमाणसाच्या डोळ्याला पाते लावत नसत. सरकारने तसे कुठे म्हटले नव्हते. छापील कागदात ती ओळच नव्हती. डॉक्टरांनी ती प्रत्येक कागदावर हाताने आखायला लावली होती, त्या म्हातारीच्या खटल्यानंतर. चौदा महिने तारखा चालल्या. डॉक्टर सुटले, आणि सुटून आले ते ही ओळ घेऊन. सूट फक्त विधवेला. तिला तिचा स्वतःचा अंगठा चाले.

"मंग लिव, मेला म्हनून," हेमसिंग म्हणाला.

"खोटं?"

"कागदानं कोनी मरते का, भाऊ? पटवाऱ्याच्या कागदावर माहा ढवळा बैल अजून जित्ता हाये. तीन साल झाले त्याले जाऊन."

जगदेवने अंगणात पाहिले. विहिरीवरून येताना कमलीबाईने पायऱ्या पायाने चाचपल्या, आणि चाचपताना एक कमी मोजली. पडली नाही. पण हात हवेत राहिला.

त्याने टाक उचलला. सोमलाच्या नावापुढे 'मयत' लिहिले.

"मावशी, अंगठा."

"कायचा?"

"डोळ्याचा," हेमसिंगच म्हणाला.

तिने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. नीट उठावा म्हणून जरा दाबूनच.

*

आतल्या खोलीत नेताना जगदेवने तिचा हात धरला होता. तिला बोलायची लहर आली होती.

"आला त मले दिसन ना रे आता?"

"कोन?"

"सोमला."

"आवाजानं बी वळखशीन तू, मावशी. आंधळ्याचे कान तिखट राह्यते."

"बोलला त वळखीन." ती थांबली. "तो बोलनार नाई. येईन आन उभा राहीन. लय हट्टी मानूस हाये. मी पाह्यलं तरच बोलन. नाई पाह्यलं त असाच मांगच्या पावली जाईन, आन मले पत्ताबी लागनार नाई."

नजर गेल्यापासून तांड्यावर जो कोणी दाराशी क्षणभर गप्प उभा राहिला असेल, त्या प्रत्येकाला या बाईने काय विचारले असेल ते जगदेवला ऐकू आल्यासारखे झाले.

*

ती टेबलावर उताणी निजली. डॉक्टरांनी हात धुतले, ड्रॉपर भरला, डाव्या डोळ्याची पापणी वर केली.

"हात धर रे."

जगदेवने ओढणी बाजूला सारून तिचे दंड धरले. दोन्ही दंडांवर, कोपराच्या वर, हाडाचा पांढरा चुडा होता.

डॉक्टर मूळचे पुण्याचे, पण वऱ्हाडात त्यांना अकरा वर्षे झाली होती. त्यांनी ड्रॉपर तसाच धरून ठेवला. मग तो वाटीत ठेवला आणि कागद उचलला. वाचला. जगदेवकडे पाहिले. जगदेव चिमट्यांकडे पाहत होता.

कागदात कुठे खोट नव्हती. नवरा मयत, बाईचा अंगठा ठळक. या कागदाच्या जोरावर त्यांना कोणी कोर्टाची पायरी दाखवू शकला नसता. चुडा ओढणीखाली झाकला की झाले असते.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "या कागदावर तुमचा नवरा वारला असं लिहिलंय. खाली तुमचा अंगठा आहे. अंगठा देताना हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

कमलीबाई उठून बसली.

हेमसिंग दारात आला आणि चाचरत म्हणाला, "भोजाई, डोळ्यासाठी केलं व. नुसता कागद हाये."

ती तांड्याच्या बोलीत त्याला दोनच शब्द बोलली. हेमसिंग पायरीवर जाऊन बसला.

"हा कागद कुठी जाते, डाक्टरसाहेब?"

"अकोल्याला. कचेरीत."

"तिथं कोन वाचते?"

"कुणी वाचत नाही. कपाटात राहतो."

"सोमलाले वळखनारं कोनी हाये का तिथं?"

"नाही. कुणी नाही."

डॉक्टरांना वाटले, आता ती परत आडवी होईल. जगदेवलाही वाटले, त्याने उशी सारखी केली.

"तरी नोको," ती म्हणाली. "वळखीचं कोनी नाई म्हनूनच नोको. मेला त रडाले बी कोनी नाई तिथं."

तिने पाय खाली सोडले. जमीन किती खाली आहे ते अंगठ्याने पाहिले आणि उभी राहिली.

"हेमसिंग, बैल जुंप."

डॉक्टर खिडकीशी गेले. बाहेर मंदिराच्या बाजूने यात्रेकरूंच्या दोन गाड्या येत होत्या. डॉक्टरांना आठवण झाली ती खटल्यातल्या नवऱ्याची: तारखेला येताना तो बायकोला आणत नसे. चौदा महिन्यांत त्या म्हातारीला कोणी एकदाही काही विचारले नव्हते. त्याने नाही, वकिलाने नाही. त्यांनीही नाही.

कमलीबाई भिंत धरून दारापर्यंत पोचली होती.

"थांबा, बाई."

टाकाचा कागदावर करकर आवाज झाला. ती त्या आवाजाकडे वळली.

"काय केलं?"

"मयत खोडलं. हयात लिहिलं."

"साहेब," जगदेव हळूच म्हणाला, "आन नवऱ्याच्या अंगठ्याची जागा?"

"राहू दे रिकामी."

"पन मांगच्या वक्ती..."

"पाणी निवलं असेल. परत उकळ."

जगदेव गेला. डॉक्टर तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"नीट ऐका. वीस डोळ्यांत एखाद्यात पू होतो. मग तो डोळा जातो. मी कितीही जपलं तरी होतो, आणि नवरा उशाशी बसला असला तरी होतो. आज एकच डोळा करीन. हे सगळं ऐकून अंगठा द्यायचा असेल तर द्या. नसेल तर गाडी जुंपलेली आहेच."

"गेला त दुसरा राह्यते ना?"

"राहतो. आत्ता आहे तसा."

तिने विचार केला. मग अंगठा पुढे केला.

"शाई हाये अजून," ती म्हणाली.

*

थेंब टाकल्यावर डोळा बधिर व्हायला वेळ लागतो. मग पाते आत गेले. जगदेवने तिचे हात चुड्याच्या खाली, मनगटाशी धरले होते. ते हलले नाहीत. भिंग बाहेर आले ते मसुरीच्या डाळीएवढे, पिवळट. डॉक्टरांनी ते वाटीत टाकले आणि तिच्या डोळ्यासमोर हात धरला.

"काय दिसतं?"

"बोटं."

"किती?"

"तुमीच मोजा. मी पाहून राह्यली."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले, आणि त्यांनी लगेच पट्टी बांधायला घेतली. दोन्ही डोळ्यांवर.

"आठ दिवस खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही," जगदेव रोजच्यासारखे सांगत होता. "मान हालवाची नाई, मावशी."

"याद केली त चालते का?"

जगदेवने डॉक्टरांकडे पाहिले.

"चालते," डॉक्टर म्हणाले. ते कागद घडी करून पेटीत ठेवत होते. "पडल्या पडल्या करा."

हेमसिंग आणि जगदेव यांनी तिला उचलून ओसरीतल्या खाटेवर ठेवले. तिने मान हलवली नाही.

*

सोमला तांड्यावरून निघाला त्या सकाळी कमलीबाईला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होते. ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती. तो गाठोडे घेऊन बराच वेळ समोर उभा होता, आणि तिने मान वर केली नव्हती.