खोडलेली अकरा पानं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची. आचऱ्याच्या काशिनाथ मास्तरांनी १९५८ साली मला मालवणच्या बाजारातून आणलं.

मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवीत. विद्यापीठाच्या पदवीसाठी त्यांनी महंमद पैगंबरांच्या चरित्राचा अभ्यास हाती घेतला होता. कोणती हकीगत कोणी सांगितली, त्याने ती कोणाकडून ऐकली, तिच्यावर किती विसंबावं, हे तपासायचं होतं. त्यासाठी अरबी यायला हवी. ती शिकवायला खाडीपलीकडच्या गावातले इब्राहीम खतीब, सगळ्यांचे इब्राहीमचाचा, तयार झाले. तरुणपणी ते अरबस्तानला जाणाऱ्या बोटीवर खलाशी होते, अरबी तिथेच शिकले. आता मुलगी अमिना हिच्याबरोबर राहत. दर रविवारी मास्तर मला घेऊन होडीने पलीकडे जात आणि चाचांच्या ओट्यावर बसत. चाचा एकेक उच्चार दहादा दुरुस्त करीत, न कंटाळता. चार वर्षांत मी भरत आले. मला माझा फार अभिमान वाटे.

१९६२ साली वाचनालयाच्या मासिक सभेत मास्तरांनी माझ्यातलं एक प्रकरण वाचलं. मक्केच्या कुरैश टोळीशी झालेला शांततेचा तह पैगंबरांनीच मोडला, असं त्यात होतं. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून इब्राहीमचाचा उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांच्याकडे गेले. चहा झाल्यावर चाचांनी विचारलं, "मास्तरांनू, तहाचां ह्यां तुमका खंय गावलां?"

"एका इंग्रजी पुस्तकात."

"आणि तां लिवणाऱ्याक कोणी सांगितल्यान?"

चाचांनी कपाटातून एक जुनं अरबी चरित्र काढून त्यांच्यापुढे उघडलं. "वाचा. तुमका आता वाचूक येता."

मास्तर अडखळत वाचू लागले. कुरैशांच्या दोस्त टोळीने पैगंबरांच्या दोस्त टोळीवर हल्ला केला, कुरैशांनी हल्लेखोरांना हत्यारं पुरवली आणि तह मोडला, असं तिथे होतं. मास्तरांचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

"चार वर्षां माझ्या ओट्यार बसलास," चाचा हळू म्हणाले. "एकदा विचारूचां होतां."

घरी येऊन मास्तरांनी तांबड्या शाईने माझी अकरा पानं खोडली. निब कागदात रुतत होतं. मी हादरले, पण शाईमुळे नाही. जे मी अभिमानाने मिरवत होते, ते खरं आहे की नाही हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मास्तरांची बायको सावित्री म्हणाली, "आजच जावन लोकांका सांगा."

"फुडच्या सभेत सगळ्यांसमोर सांगतंय. एकेकाक काय सांगूचां?"

खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती. त्या महिन्यात ते एकाही रविवारी पलीकडे गेले नाहीत.

सभेचा दिवस आला. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या वेळी मी इथे चुकीचं वाचलं." तहाची खरी हकीगत त्यांनी पहिल्यापासून वाचली. मास्तर पुनःपुन्हा मागच्या बाकाकडे पाहत होते. चाचा आले नव्हते.

सभा संपताच मास्तर मला घेऊन होडीत बसले. दारात अमिना उभी होती.

"बाबा मंगळवारी वारले," ती म्हणाली. "रोज विचारीत, मास्तरांनी सभेत खरां वाचल्यानी काय?"

मास्तर ओट्यावर बसले. मी त्यांच्या हातातून निसटून जमिनीवर पडले, तरी त्यांना कळलं नाही. अमिनानेच मला उचललं, पदराने माती पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पुढे मास्तरांना पदवी मिळाली. मी कपाटात गेले. वाळवीने माझा पुठ्ठा खाल्ला, त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, दुसऱ्याच्या जिवाभावाच्या माणसाबद्दल लिहाल, तेव्हा आधी विचारा, आणि मगच लिहा. तरीही चूक झालीच, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. ऐकणारा माणूस महिनाभर थांबेलच असं नाही.