चंद्रभागाबाईनं नाव घेतलं

आमच्या घराण्यात कुणी पाटील झाला नाही, वकील झाला नाही. पण हैदराबादच्या कायदे करणाऱ्या मजलिशीला आपला कायदा पुन्हा उघडून बसायला लावणारी एक बाई होऊन गेली. ती माझी आजी, चंद्रभागाबाई. मजलिशीतल्या कुणालाही तिचं नाव ठाऊक नसणार. आमच्या गल्लीत मात्र पोरासोरांना ठाऊक आहे, कारण मी सांगायची थांबत नाही.

निजामाचं राज्य होतं. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात मानमोडीचा ताप शिरला आणि माणसं घरं सोडून रानात खोपटी घालून राहिली. आमच्या घरातून कुणाला हलताच आलं नाही. आजोबा आणि माझा बाप, दोघंही अंथरुणाला खिळले होते. दोघं एकाच दिवशी गेले. मागं उरल्या आजी, माझी आई तुळजाबाई, आणि पाळण्यातली मी.

सुतक फिटायच्या आत पोलीस पाटील कागद करायला आला. ओट्यावर बसला. विचारलं कुणाला, तर आजोबांच्या धाकट्या भावाला, बद्रीनाथला, जो सगळं आटोपल्यावर रानातून आला होता. कागदात लिहिलं गेलं: मुलगा भारत आधी वारला, बाप मागून. मरतेवेळी घरात कोणी हजर नव्हते.

ज्या दोघींनी त्या दोघांचे डोळे मिटले होते, त्या दाराआड उभ्या राहून हे ऐकत होत्या.

आता आधी कोण आणि मागून कोण, मेलेल्या माणसांत त्याचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण सगळं शेत त्यातच होतं. माझा बाप आधी गेला असं धरलं, तर शेत आजोबांचंच राहिलं. त्यांच्यामागं ते आजीच्या नावावर चढणार, आणि आजी गेली की बद्रीनाथच्या घरात जाणार. माझी आई भाकरतुकड्याची धनीण. आजोबा आधी गेले असं धरलं, तर त्या दुपारपुरतं का होईना शेत माझ्या बापाचं झालं, आणि बापामागं आईचं.

म्हणजे खोट्या कागदात आजीचा फायदा होता. बद्रीनाथनं तो तिला नीट समजावून सांगितला.

"वैनी, शेत तुमच्या नावावर होतंय. तुमच्या! आन् तुमी तोंड पाडून बसलाव?"

"कावून लिहिलं तसं?" आजी म्हणाली. "भारत आधी गेला न्हाई."

"बाईचं कोण ऐकतंय? आन् सून काय, आज हाय, उद्या माहेरी जाईल. शेत घरात ऱ्हाईल ते बघा."

"कोणाच्या घरात, भावजी?"

त्यावर तो उठून गेला.

त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात गावात दवंडी आली. हैदराबादच्या मजलिशीनं वारसाच्या आणि मयताच्या चौकशीच्या कायद्यात दुरुस्ती केली होती. मरतेवेळी जो हजर असेल त्याचा जबाब घ्यावा, मग तो मर्द असो की औरत. एका घरात एकाच दिवशी दोन मयत झाले असतील, तर आधी कोण हे विचारल्याशिवाय वारसाचं नाव चढवू नये. कुणाची जुनी तक्रार असेल तर तहसिलीत यावं.

आडावर बायांत हीच चर्चा. शेजारची साखराबाई म्हणाली, "का गं, त्या मजलिशीत एखादी बाई बसती का?"

"न्हाई म्हणं. समदे दाढ्यामिशावाले," दुसरी म्हणाली.

"मंग त्यांना हे सुचलं कसं?"

"त्यांच्यातबी एखाद्याच्या घरी सासू आसंल," आजी म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, "तुळजे, पाटोद्याला जायचंय."

आई घाबरली. "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. तुमच्या नावावर होतंय ना? मी काय तुमाला सोडून चाललेय?"

"तू न्हाई चाललीस. मी चाललेय, आज न् उद्या. मंग तुला बांधावरबी उभं करायचे न्हाईत हे."

साखराबाईच्या नवऱ्याची बैलगाडी होती. मला मांडीवर घेऊन दोघी गेल्या.

तहसिलीत जबाब लिहून घ्यायला पेशकार होते. हैदराबादचे, वयस्क, दाढीला मेंदी लावलेले. मराठी बोलायचे, पण आपल्या पद्धतीनं. बद्रीनाथही बोलावणं गेल्यामुळं आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. आजी दाराशी, पदर तोंडापर्यंत ओढून बसली.

"बोलो, बडी बी. पहिले कोण गेलं?"

"ते."

"ते कोण?"

"आमच्या घरातले."

पेशकारांनी टाक खाली ठेवला. "घरातले दोघं गेले, बाई. 'ते' असं लिहिलं तर हैदराबादवाले मला विचारतील, ते कौन? नाव सांगा."

आता पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आजीला बोहल्यावर चढायच्या आधीपासून ठाऊक होतं. घेतलं तर त्याचं आयुष्य उणं होतं म्हणत. तो तर गेलेलाच होता, पण सवय काही त्याच्याबरोबर गेली नव्हती.

"देवाचं नाव हाय," ती म्हणाली.

"कोणता देव?"

"केजाकडं पिंपरीला देऊळ हाय बघा. जत्रा भरती."

"मी तर मुसलमान माणूस, मला काय माहीत पिंपरीला कोण बसतो?" पेशकारांनी बद्रीनाथकडं पाहिलं.

त्याला तर ते ठाऊकच, सख्ख्या भावाचं नाव. पण तो शांतपणे म्हणाला, "साहेब, केजाकडं लई देव हायत."

आईला सांगता येईना, कारण एक नाव सासऱ्याचं आणि दुसरं नवऱ्याचं. पेशकार म्हणाले, तसंही दुसऱ्याचं सांगितलेलं चालत नाही. ज्याचा जबाब, नाव त्याच्याच तोंडचं पाहिजे, असा कायदा आहे.

दारावरचा शिपाई हरिबा आपल्याच मुलखातला. त्याला राहवेना. "आवं मावशी, उखाण्यात घ्या की!"

"कपाळ मोकळं झाल्यावर उखाणा घेऊ व्हय रे?"

"आन् उखाणा उर्दूत कसा लिहू मी?" पेशकार कपाळाला हात लावून म्हणाले.

कचेरीत हसू पिकलं. बद्रीनाथही हसला. त्याचं हसू जरा लांबलं. "जाऊ द्या साहेब," तो म्हणाला, "बाईमाणूस हाय. तिला कोण आधी, कोण मागून, ह्येच आठवंना. लिहिलंय तेच खरं."

पेशकारांनी जुना कागद पुढं ओढला. आई सांगायची, तेवढ्यात आजीनं तोंडावरचा पदर मागं सारला आणि उठून उभी राहिली. कचेरीत बाया उभ्या राहून बोलत नसत. हरिबा दारातून बाजूला झाला.

"उत्तरेश्वर," ती म्हणाली.

आवाज मोठा निघाला. तिला स्वतःलाच दचकल्यासारखं झालं असावं, कारण ती थोडी थांबली. मग म्हणाली, "उत्तरेश्वर आधी गेले. उन्हं कलायच्या आधी. पोराला उठता येईना, तर सरपटत आला आन् बापाच्या तोंडात पाणी त्यानं घातलं, त्या भारतनं. दिवस बुडाल्यावर तो गेला. त्याच्या तोंडात पाणी माझ्या या सुनेनं घातलं. आता तुमीच सांगा साहेब, पोरगा आधी मेला तर बापाला पाणी कुणी घातलं?"

बद्रीनाथ भिंतीपासून पुढं आला.

"वैनी," बद्रीनाथ म्हणाला, "भर कचेरीत नवऱ्याचं नाव घ्यायला लाज—"

"मी नाव घेतलं, भावजी. तुमी तर शेतच घ्याया निघालतात."

पेशकारांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्यांनी एकदाच विचारलं, "बडी बी, हे शेत मग तुमचं नाही होत. सुनेचं होतं. समजलं ना?"

"समजूनच आलेय."

अंगठा उठवला. बाहेर आल्यावर आजी गाडीच्या चाकाशी बसली आणि पोटभर रडली. आईला वाटलं, नाव घेतल्याचं दुःख झालं. आजी म्हणाली, "न्हाई गं. इतक्या वर्षांत पैल्यांदा हाक मारली, आन् ओ द्यायला माणूस न्हाई."

शेत आईच्या नावावर चढलं. बद्रीनाथनं वर अर्ज केला, तो टिकला नाही.

आणि मी म्हणते तो कायदा असा बदलला. पेशकार भले गृहस्थ. त्यांनी वर लिहिलं की या मुलखात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यामुळं खरा जबाबही अर्धा राहतो. ते लिहिणं कुठून कुठून फिरलं असेल. पण काही वर्षांनी पुन्हा दवंडी आली: बाईनं नात्यानं सांगितलं तरी पुरे, नाव दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं.

हरिबा पाटोद्याहून मुद्दाम सांगायला आला. "मावशी, तुमच्यामुळं झालं बघा हे."

आजी जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बाकीच्यांची सुटका झाली." पुन्हा पाखडायला लागली. मग म्हणाली, "माझी न्हाई व्हायाची आता. मला सवय लागली."

ते खरंच होतं. तिच्या बरोबरीच्या बाया 'ते' आणि 'हे' आणि 'अमक्याचे वडील' यातच अडकून राहिल्या. आजी मात्र शेवटपर्यंत शेताच्या बांधावर बसायची. वाटेनं जाणाऱ्या कुणी विचारलं, मावशी, कुणाचं वावर हे, तर उगाच उठून उभी राहायची, आणि नुसतं सुनेचं म्हणून मोकळी व्हायची नाही.

"तुळजाबाई भारत उत्तरेश्वर यांचं," असं एका दमात म्हणायची. आणि विचारणारा गेला, तरी थोडा वेळ तशीच उभी असायची.